उसाच्या गाडीचे वजन एका आकड्यात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की आपल्या सांगली-सातारा पट्ट्यात वजनकाट्यांविषयी बोलणे सुरू होते. काटा चोख आहे का, शेतकऱ्याच्या उसाचे पुरते वजन धरले जाते का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच काट्यावर आणखी एक मोजणी करता येते. तिला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात आणि ती सहसा कुणी करत नाही. ट्रॅक्टरमागच्या वजनातले किती कोणत्या एक्सलवर पडते, हुकावर किती येते आणि चढाला पुढची चाके किती हलकी होतात, याचा आकडा कुठल्याच पावतीवर नसतो. वाळवा, पलूस, कराड भागात ट्रॉल्या बांधणारे आणि काटे दुरुस्त करणारे आम्ही काहीजण या पत्रातून सांगू इच्छितो की एकूण वजनाच्या पावतीवरून गाडी धड ओढली जाईल की नाही, हे कळत नाही. ते कळायला काटा तीन-चार वेळा, ठरावीक क्रमाने करावा लागतो.

एक नेहमीची गाडी घेऊ. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर, स्वतःचे वजन २,२०० किलो. मागे चार चाकी दोन ट्रॉल्या, रिकाम्या प्रत्येकी २,५०० किलो. दोन्हींत मिळून १५ टन ऊस भरला. लांब काट्यावर सगळी गाडी एकदम चढली तर भरलेला काटा २२,२०० किलो, रिकामा काटा ७,२०० किलो, निव्वळ १५ टन. शेतकऱ्याचा हिशोब इथे पुरा होतो, वाहतूकदाराचा होत नाही. समजा पहिली ट्रॉली पाणंदीत अडचणीला उभी होती म्हणून तीत ६,२०० किलोच ऊस बसला आणि दुसरी रस्त्यालगत, मोळ्या चढवायला सोयीची, म्हणून तीत ८,८०० बसला. मग पहिली ट्रॉली ८,७०० आणि दुसरी ११,३०० किलो झाली. दुसरीच्या मागच्या एक्सलवर त्यातले ६,३०० आले. ट्रॉलीला १०.००-२० मापाची आणि बाजूला १४६/१४३ असा भारांक छापलेली टायर असतील, तर एकेरी बसवलेल्या एका टायरची मर्यादा पूर्ण हवेत ३,००० किलो असते. १४३ हा आकडा जोडचाकासाठी आहे, तेव्हा दर टायरला २,७२५. एका एक्सलला दोन एकेरी चाके म्हणजे ६,०००. इथे ३०० किलो जास्त झाले, तेही टायर नवे आणि हवा पुरेपूर धरून. ट्रॉलीला बहुधा ट्रकवरून उतरवलेली, रबर चढवलेली टायर असतात आणि हवा कुणी मोजत नाही. दोन्ही ट्रॉल्या दहा-दहा टनांच्या असत्या तरी पावती अगदी हीच आली असती.

शिवाय मागची ट्रॉली जड आणि पुढची हलकी असली की उतारावर मागची पुढचीला ढकलते आणि वळणावर सगळी रांग नागमोडी हलू लागते. जड ट्रॉली ट्रॅक्टरलगत हवी. हे चालकांना माहीत असते, पण जड कोणती हे नजरेने ठरवले जाते आणि नजर उंची बघते. ओला, जाड कांड्याचा ऊस आणि खोडव्याचा वाळका ऊस सारख्याच उंचीला भरला तरी वजनात मोठा फरक पडतो.

मोजणी अशी करावी. आधी ट्रॅक्टर एकटा, ट्रॉली सोडून. डिझेलची टाकी भरलेली, चालक जागेवर बसलेला, चाकांचा चिखल काढलेला. साठ लिटर डिझेल म्हणजे पन्नास किलो, तेव्हा अर्धी टाकी आणि भरली टाकी यात पंचवीस किलोचा फरक पडतो. प्रथम पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर घेऊन आकडा लिहावा. मग पुढची चाके काट्याबाहेर काढून फक्त मागचा एक्सल, आणि मग उलट, फक्त पुढचा. पुढचा अधिक मागचा यांची बेरीज पूर्ण वजनाशी १०-२० किलोच्या आत जुळली पाहिजे. जुळली नाही तर पुढे जाऊ नये, काट्याच्या तोंडाशी उतार आहे किंवा ब्रेक दाबलेला आहे.

त्यानंतर भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर, ट्रॉली बाहेर. मग पुढे सरकून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर, ट्रॅक्टर बाहेर. शेवटी काट्याची लांबी पुरत असेल तर दोन्ही मिळून. प्रत्येक वेळी गाडी थांबल्यावर गिअर न्यूट्रल आणि ब्रेक सोडलेला हवा. हे फार महत्त्वाचे आहे. ब्रेक दाबून थांबलेला ट्रॅक्टर दांड्यावर, म्हणजे ट्रॉली हुकाला जोडणाऱ्या लोखंडी दांडीवर, ताण किंवा दाब धरून ठेवतो. तो ताण थोडा जरी तिरका असला तरी काही वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि काट्याच्या प्लॅटफॉर्मलाही आडवा रेटा बसतो. सपाट जागी ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-चार इंच मागेपुढे होऊन आपोआप स्थिरावते. तो आकडा खरा.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. गावोगावचे बरेच काटे ९ मीटर किंवा १२ मीटर लांबीचे आहेत. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या त्यावर एकदम मावत नाहीत, म्हणून तुकड्या-तुकड्याने काटा करून बेरीज मारतात. ही बेरीज तेव्हाच खरी जेव्हा काट्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता, निदान एका गाडीच्या लांबीइतका, प्लॅटफॉर्मच्या अगदी पातळीत असेल. प्रत्यक्षात काटा जमिनीच्या वर बांधलेला असतो आणि दोन्हीकडे रॅम्प असतो. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा एक्सल काट्यावर आणि मागचा रॅम्पवर अशी ती उभी राहिली की ती किंचित तिरपी होते आणि वजन खालच्या एक्सलकडे कलते. किती कलते याचा हिशोब सोपा आहे. ट्रॉलीचे वजन गुणिले भाराच्या मध्याची जमिनीपासून उंची गुणिले उतार, भागिले दोन एक्सलमधले अंतर. दहा टनांची ट्रॉली, उसाच्या भाराचा मध्य १.८ मीटर उंचीवर, दोन एक्सलमध्ये ३ मीटर आणि उतार फक्त शंभरात दोन, तर १०,००० × १.८ × ०.०२ ÷ ३ म्हणजे १२० किलो. पुढचा एक्सल मोजताना १२० कमी दिसतात आणि मागचा एक्सल मोजताना पुढचा दुसऱ्या रॅम्पवर उतरलेला असल्यामुळे पुन्हा १२० कमी. एका ट्रॉलीमागे २४० किलो हवेत जातात. रस्ता काट्यापेक्षा उंच असेल तर तेवढेच वाढून येतात. यात काट्यात कुणी काही केलेले नसते, काट्यावर तपासणीची वजने ठेवून पाहिली तरी तो चोख निघतो. उसाच्या व्यवहारासाठी अशी तुकड्यांची बेरीज चालवून घेऊ नये, ट्रॉल्या सोडून एकेक पूर्ण चढवावी. एक्सलचा अंदाज घ्यायचा असेल तर चालते, पण पाणपातळीची नळी लावून दोन्ही तोंडे आधी तपासावीत.

दोन चाकी ट्रॉलीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर बसतो. वरच्या क्रमातले दोन आकडे इथे कामाला येतात. ट्रॅक्टर एकटा २,२०० आणि ट्रॉली जोडून ट्रॅक्टर ३,००० भरला, तर हुकावर ८०० किलो आहेत. हेच ट्रॉलीच्या बाजूनेही काढता येते, सोडलेली ट्रॉली पूर्ण ६,५०० आणि जोडल्यावर तिची चाके ५,७००. उत्तर तेच, पण ट्रॅक्टरच्या बाजूने काढलेले जास्त भरवशाचे. वजनकाटे बहुतेक तिसऱ्या अचूकता वर्गाचे, १० किलोच्या टप्प्याचे असतात. अशा काट्याला वापरात असताना पाच टनांपर्यंत १० किलोची, पाच ते वीस टनांदरम्यान २० किलोची आणि त्यावर ३० किलोची चूक नियमाने माफ आहे. दोन आकड्यांची वजाबाकी केली की दोन्हींच्या चुका एकत्र होऊ शकतात. ट्रॅक्टरच्या बाजूने त्या जास्तीत जास्त २० किलो होतात, ट्रॉलीच्या बाजूने ४०. हुकावर ८०० किलो असतील तर दोन्ही चालतील. दीडशेच असतील तर चाळीसची चूक म्हणजे उत्तर वाया गेले.

हुकावरचे वजन कमी असेल तर मोठ्या काट्याच्या नादी लागू नये. बाजारात हळदीची पोती तोलतात तसा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा दांड्याच्या टोकाखाली ठेवावा. मोजण्याआधी ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडण्या लावाव्यात आणि कुणीही दांड्यासमोर उभे राहू नये. भार ३०० च्या पुढे जाणारा असेल तर मजबूत फळी घ्यावी. तिचे एक टोक पक्क्या ठोकळ्यावर, दुसरे काट्यावर. ठोकळ्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर दांडा टेकवावा आणि ९० सेंटिमीटरवर काट्याचा टेकू यावा. फळीसकट काटा शून्यावर आणून मग दांडा टेकवायचा. काट्यावर २४० दिसले तर हुकावर त्याच्या तिप्पट, ७२० किलो. या मोजणीत दांडा ट्रॅक्टरच्या हुकाइतक्याच उंचीला धरला पाहिजे. उसाचा भार उंच असल्यामुळे दांडा वर उचलला की भार मागे कलतो आणि हुकावरचे वजन कमी दिसते. सहा टनांची ट्रॉली, भाराचा मध्य एक्सलच्या वर १.२ मीटर, एक्सलपासून दांड्याच्या टोकापर्यंत ३.५ मीटर असेल, तर दांडा २० सेंटिमीटर वर उचलताच हुकावरचे जवळजवळ ११८ किलो कमी होतात. अंदाजाने विटांची थप्पी लावून मोजले तर नेमका एवढाच घोटाळा होतो.

हुकावर थोडे वजन असणे चांगले, मागची चाके पकड धरतात. पण जास्त झाले की पुढची चाके उचलतात. हूक मागच्या एक्सलच्या ७५ सेंटिमीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या दोन एक्सलमध्ये २.१ मीटर अंतर असेल तर हुकावरच्या ८०० किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे २८६ किलो उचलले जातात. उलट ट्रॉली मागे जड भरली असेल तर दांडा वर ओढतो, मागच्या चाकांची पकड जाते आणि ब्रेकही निकामी होतो, कारण आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतो. दोन चाकी ट्रॉलीत भाराचा मध्य एक्सलच्या थोडासा पुढे हवा. पाच टन भाराचा मध्य २० सेंटिमीटर पुढे आला तरी वरच्या ट्रॉलीत हुकावर २८६ किलो वाढतात. हूक किती सोसतो तो आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो.

चार चाकी ट्रॉलीला पुढे टर्नटेबल, म्हणजे पुढचा एक्सल वळवणारी फिरती चकती असते, दांडा बिजागरीवर खेळतो, म्हणून हुकावर फक्त दांड्याचे वजन येते. यावरून पुढची चाके सुरक्षित असे समजतात. ते चूक आहे. इथे भार खाली दाबत नाही, पण मागे ओढतो, आणि तो ओढा जमिनीपासून हुकाच्या उंचीवर लागतो. पुन्हा आपली २० टनांची डबल ट्रॉली घेऊ. पुलाचा चढ शंभरात पाच, चाकांच्या लोळण्याचा विरोध डांबरी रस्त्यावर शंभरात दोन धरला, तर ओढा २०,००० च्या सात टक्के, म्हणजे १,४०० किलोंचा. हूक ५५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर पुढच्या चाकांवरचे १,४०० × ०.५५ ÷ २.१ म्हणजे ३६७ किलो उचलले जातात, ट्रॅक्टर स्वतः चढावर असल्याने आणखी ३७. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलवर सपाटीला ८८० किलो धरले, तर राहिले ४७६. स्टिअरिंग काबूत राहायला ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा, इथे ४४० किलो, पुढे असावा लागतो. म्हणजे गाडी कशीबशी बसली.

पण मागच्या चाकांवर या वेळी १,७२४ किलो आहेत. कोरड्या डांबरीवर त्यातले ऐंशी टक्के पकडीला मिळतात, १,३७९. लागतात १,४००. चाक जागेवर फिरते. मग चालक काय करतो, तर हूक वरच्या भोकात घेतो, ८० सेंटिमीटरला. आणि गाडी खरेच निघते. मागे आता १,८९० किलो दाबले जातात, पकड १,५१२ झाली. पुढे मात्र ३१० किलोच उरले. क्लच झटक्यात सुटला, वाटेत खड्डा आला किंवा चाक अडले की तेही जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला वेड्यात काढून उपयोग नाही. हूक वर घेतल्यावर गाडी ओढते हा त्याचा अनुभव खरा आहे, फक्त त्याची किंमत पुढच्या एक्सलवर पडते आणि ती पावतीवर कुठेच दिसत नाही. यावर उपाय वजन कमी करणे हाच. पुढे लोखंडी वजने लावून पुढची बाजू सावरते, पण हूक खालीच ठेवायचा. मागच्या चाकांत पाणी भरले तर पकड वाढते. मात्र दोन्हींनी ट्रॅक्टरचे वजन वाढते, म्हणून काटा पुन्हा करावा लागतो. फडातून, काळ्या रानातून गाडी काढताना पकड निम्म्यावर येते आणि लोळण्याचा विरोध कितीतरी वाढतो. म्हणून रानातून दोन्ही ट्रॉल्या एकदम ओढू नयेत, एकेक डांबरीवर आणून मग जोडाव्यात.

उताराचा हिशोब याहून वाईट आहे, पण तो एका वाक्यात सांगता येतो. ट्रॉल्यांना ब्रेक नसेल तर २२,२०० किलोंची रांग ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या १,०५६ किलो पकडीवर थांबवायची असते. ताशी २० किलोमीटर वेगाने, चाकांच्या लोळण्याचा विरोधही धरून आणि चालकाला भान येण्याचे अंतर सोडून, सपाटीला सुमारे २३ मीटर लागतात आणि शंभरात पाचच्या उतारावर ९० मीटरच्या आसपास. उतारावर ट्रॉल्यांच्या ढकलण्याने मागची चाके आणखी हलकी होतात ते यात धरलेलेच नाही.

काटा स्वतः खरा आहे का, हे वाहतूकदारालाही थोडक्यात तपासता येते. भरलेली एकच ट्रॉली किंवा ट्रक काट्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीन जागी उभा करून आकडे लिहावेत. फरक एक-दोन टप्प्यांपेक्षा, म्हणजे १०-२० किलोंपेक्षा जास्त आला तर कुठलातरी लोडसेल (प्लॅटफॉर्मखालचा वजन टिपणारा भाग) जुळणीतून गेला आहे. गाडी उतरल्यावर इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा, शून्यावर आला पाहिजे. भरलेली गाडी उभी असताना वीस किलोचे शिक्का मारलेले वजन ठेवले तर आकडा वीसने वाढला पाहिजे. वाढत नसेल तर प्लॅटफॉर्म कुठेतरी टेकतो आहे. हंगामात हे फार होते. प्लॅटफॉर्म आणि भिंतीमधल्या फटीत उसाची कांडी, पाचट, खडी अडकते आणि ऊन चढल्यावर लोखंड फुगून फट बंद होते, म्हणून सकाळचा काटा आणि दुपारचा काटा जुळत नाही. काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साठले की जंक्शन बॉक्समध्ये, म्हणजे लोडसेलच्या तारा जोडलेल्या पेटीत, ओल जाते आणि आकडा एका जागी ठरत नाही. उंदीर केबल कुरतडतात. अडसराचे बोल्ट सैल ठेवले तर प्लॅटफॉर्म सरकतो आणि फार आवळले तर वजन त्यांच्यावरच तोलले जाते. रोज सकाळी फटी साफ करणे, आठवड्याला खड्डा कोरडा करणे आणि जंक्शन बॉक्समधली ओल शोषणारी पुडी बदलणे एवढ्याने निम्म्या तक्रारी संपतात. वैधमापन खात्याची फेरपडताळणी काट्याला दर बारा महिन्यांनी लागते, तिचे प्रमाणपत्र काट्यावर लावलेले असते, ते वाचायची सवय ठेवावी.

ट्रकवाल्यांसाठीही हेच सूत्र आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर पुढच्या दोन चाकी एक्सलला ७ टन, चार टायरच्या एक्सलला ११.५ टन आणि आठ टायरच्या जोडएक्सलला २१ टन अशी मर्यादा आहे. दोन एक्सलचा ट्रक म्हणजे १८.५ टन. एकूण १८,३०० भरलेला ट्रक कागदावर बसतो, पण पुढे ५,९०० आणि मागे १२,४०० असेल तर मागचा एक्सल ९०० किलोंनी जास्त आहे. दोन एक्सलमध्ये ४.२ मीटर असतील तर हळदीची पन्नास किलोंची २६ पोती तीन मीटर पुढे सरकवली की मागचे ९२९ किलो पुढे येतात, मागे ११,४७१ आणि पुढे ६,८२९. एक किलोही न उतरवता गाडी नियमात बसली. तासवडे किंवा आनेवाडी टोलनाक्यावर चालत्या गाडीचे जे वजन दिसते त्यावर हा हिशोब करू नये. चालती गाडी हिंदकळते आणि एक्सलचा आकडा त्याबरोबर वरखाली होतो. टायरखाली ठेवायच्या पट्ट्या-काट्यांनी मोजत असाल तर न मोजलेल्या चाकांखालीही तेवढ्याच जाडीच्या फळ्या हव्यात. नाहीतर जोडएक्सलपैकी उचललेला एक्सल दुसऱ्याचे वजन स्वतःकडे ओढतो.

कायद्याचे एवढेच की ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते आणि तिच्या आरसीवर रिकामे व भरलेले वजन स्वतंत्र लिहिलेले असते. नोंदणीनंतर ट्रॉलीला जाड चॅनेल, उंच खांब, पाट्यांच्या स्प्रिंगचे जादा पान असे काही ना काही चढते आणि रिकामे वजन दोनशे-तीनशे किलोंनी वाढलेले असते. तेवढे उसातून कमी व्हायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

आमची विनंती साखर कारखाने, वैधमापन खाते आणि परिवहन कार्यालय या तिघांना आहे. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस केनयार्डातला, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या कारखान्याच्या आवारातला, एक काटा वाहतूकदारांना या मोजणीसाठी खुला करावा. करार झालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल, हुकाची उंची आणि प्रत्येक ट्रॉलीचे रिकामे वजन एका कार्डावर लिहून ते गाडीत ठेवावे. हंगामात भरलेल्या काट्याच्या पावतीवर पहिली ट्रॉली आणि दुसरी ट्रॉली असे दोन वेगळे रकाने असावेत. लांब काट्यावर त्यासाठी गाडी एकदाच पुढे सरकवावी लागते. फक्त मागची ट्रॉली प्लॅटफॉर्मवर राहिली की तिचा आकडा घ्यायचा आणि पुढच्या ट्रॉलीचा आकडा वजाबाकीने निघतो, तोंड सपाट असेल तर. ज्या काट्यांची तोंडे सपाट नाहीत तिथे दोन्हीकडे काँक्रीटची पट्टी ओतून घ्यायला पावसाळा संपल्यानंतरचे दिवस योग्य आहेत. काँक्रीट ओतल्यावर ते भार घ्यायला तयार होण्यास चार आठवडे लागतात, म्हणून हे काम बॉयलर पेटायच्या निदान महिनाभर आधी हातात घ्यावे लागेल. वाहतूकदारांनी मोजणीला येताना टाकी भरून, ट्रॉलीतली दोर, साखळ्या आणि जादा चाक नेहमी असते तसे ठेवून, दोन्ही ट्रॉल्यांची आरसी सोबत आणावी.

आपले,
ट्रॉली बांधणी व वजनकाटा दुरुस्तीच्या कामातील काही कारागीर,
वाळवा, पलूस, कराड